‘मायचा हातच गेला’ याला प्रमाण मराठीत काय म्हणायचं?

पळसपान

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवीला मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात मुलांना ‘मी थोडक्यात वाचलो’ असा विषय लिहायला दिला होता. वहीत लिहिण्याआधी मी प्रत्येकाला तोंडी सांगायला लावते, म्हणजे मुलं मोकळी होतात. एका पोरानं जे सांगितलं ते जसंच्या तसं देते:

“मी कुटाराच्या ढिगातून चेंडू काढाले वाकलो. मायनं मांगून शर्ट धरला अन् हिसकलं. मी पाठीवर आपटलो. मंग पाह्यलं तं तिथं परड व्हती. मी मायले इचारलं, तुले दिसली होती काय? माय म्हणे, मले कुठी दिसली, हातच गेला.”

वर्ग चिडीचूप झाला होता. (परड म्हणजे घोणस. इकडे परडच म्हणतात. कुटार म्हणजे भुसा.)

दुसऱ्या दिवशी वही आली. त्यात लिहिलं होतं, “माझ्या आईने सहजप्रवृत्तीने मला मागे ओढले.” शब्द कुठून आणलास विचारलं, तर बारावीतल्या बहिणीनं सांगितला म्हणाला. पोरानं मेहनत घेतली होती, म्हणून मी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली नाही. पण तो मला खुपतोय. चूक आहे असंही म्हणवत नाही. आदल्या दिवशी ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता, वही वाचताना काहीच झालं नाही.

सहजप्रवृत्ती, उपजतबुद्धी, अंतःप्रेरणा, प्रतिक्षिप्त क्रिया, आतला आवाज असे बरेच शब्द आहेत. यातला कोणता ‘हातच गेला’च्या जवळ जातो? आणि तुमच्याकडे अशा वेळी काय म्हणतात?

शब्दवेडा

ताई, चांगला धागा काढलात. आधी शब्दांची मुळं पाहतो, म्हणजे बोलायला सोपं जाईल.

‘सहज’ म्हणजे सह अधिक ज, जन्मासोबत आलेलं. गीतेच्या अठराव्या अध्यायात ‘सहजं कर्म कौन्तेय’ आहे (१८.४८), तिथे नेमका हाच अर्थ आहे. आज आपण ‘सहज आलो होतो’ म्हणतो तेव्हा त्यात जन्माचा मागमूस नसतो. काही न ठरवता, कामाशिवाय, एवढंच त्यात उरलंय. ‘सहजप्रवृत्ती’ या परिभाषेतल्या शब्दानं जुना अर्थ पेटीत घालून ठेवला. म्हणून तो मानसशास्त्राच्या पुस्तकात शोभतो आणि कुटाराच्या ढिगाशेजारी परका वाटतो.

‘उपजत’ जास्त घरचा आहे. संस्कृत उत्पद्यते, प्राकृत उप्पज्जइ, मराठी उपजणे. ज्ञानेश्वरीत ‘उपजे ते नाशे’ आहे ते हेच क्रियापद. गवई ऐनवेळी सुचलेली जागा घेतो तिला ‘उपज’ म्हणतात, तीही याच घरातली. ‘जात्याच’चा अर्थही जन्मतः असाच, पण तो आता ‘जात्याच हुशार’ एवढ्यापुरता उरला आहे.

तेव्हा सहज, उपजत, जात्याच हे तिन्ही शब्द एकच दावा करतात: ही गोष्ट जन्माबरोबर आली, कोणी शिकवली नाही. तुमच्या विद्यार्थ्याच्या मायबद्दल हा दावा करता येईल का, हे मला आधी बघावंसं वाटतं.

कॅनॉलकाठ

मी विज्ञान शिकवतो. ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ इथे बसणार नाही, तो शब्द बाजूला काढा.

तव्याचा चटका बसतो तेव्हा संदेश मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. भाजल्याचं मेंदूला कळेपर्यंत हात मागे आलेला असतो. पण तो आपलाच हात असतो आणि तो मागे येतो. या बाईंचा हात पुढे गेला, दुसऱ्याच्या शर्टाकडे गेला, आणि धरून ओढण्याइतका नेमका गेला. एवढं काम एकटा मज्जारज्जू करत नाही. मेंदूनं काहीतरी टिपलेलं असणार, फक्त त्याची वर्दी मनाला उशिरा मिळाली.

परड चिडली की कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, लांबवर ऐकू जातं. ताई, त्या बाईंना एकदा विचाराल का, आधी आवाज आला होता का म्हणून?

पळसपान

विचारते. त्यांचं घर शाळेच्या मागेच आहे.

गोठा

पस्तीस वर्षं झाली गाई-म्हशींत. माझ्या लेखी ‘उपजत’ शब्दाचा खरा धनी वासरू आहे.

गाय व्याली की आधी ती वासराला चाटते. वासरू ओलंचिंब, नाकातोंडाला चिकटा, कान लोंबलेले. आपण गवताच्या चुंभळीनं छाती चोळून देतो, खूर खुरडतो. अर्ध्या-पाऊण तासात ते मागचे पाय आधी उचलतं, पुढचे गुडघे टेकलेलेच. पडतं. पुन्हा उचलतं. उभं राहिलं की मान लांब करून गायीच्या अंगाला हुंगत फिरतं, पुढच्या पायात तोंड घालतं, छातीशी घालतं, आणि शेवटी कासेपाशी येऊन ढुसणी मारतं. सड तोंडात गेला की शेपटी हलायला लागते. ते बघताना माझं अजूनही मन भरत नाही. त्याला कोणी दाखवलं? कोणी नाही. जन्मून तास झालेला नाही आणि ढुसणी मारली की पान्हा सुटतो हे त्याला ठाऊक आहे. याला उपजत म्हणायचं.

पण गाय बघा. पहिलारू असेल तर कित्येकदा वासराला लाथ मारते, कासेला तोंड लागलं की उडते. तिला बांधून, चुचकारून, दोन दिवस वासरू लावावं लागतं. तिसऱ्या वेताला तीच गाय स्वतःहून पाय मागे घेते आणि वाट करून देते. म्हणजे आईपण सगळंच काही उपजत नसतं.

आणखी एक. सुगरणीचा खोपा सगळे उपजतचं उदाहरण म्हणून सांगतात. एक तर तो खोपा नर विणतो. आणि कोवळ्या नरांचे खोपे ढिले, वेडेवाकडे असतात, सरावानं हात बसतो. आमच्या विहिरीवरच्या बाभळीला दरवर्षी असे अर्धे सोडलेले खोपे लोंबतात. विणायची ओढ उपजत आहे, पण नीट विणणं कमवावं लागतं.

मोहफूल

गोठा यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहायचं धाडस करते. पहिल्यांदाच लिहिते आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्या गावच्या बाया मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला जातात, मग मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचं एक पुडकं बांधायचं. मोह पहाटे पडतो म्हणून उजाडायच्या आत निघावं लागतं. वाकून वेचावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस दिसत नाही असं आमच्याकडे सगळे सांगतात. ज्या घरातलं माणूस असं गेलं, ती घरं आम्हाला पाठ आहेत.

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मी सासूबाईंसोबत गेले. नाल्याच्या वळणावर त्या थांबल्या. पुढच्या झाडाखाली फुलांचा सडा पडलेला दिसत होता, टोपली अर्धी रिकामी होती. मी म्हटलं, चला ना. त्या म्हणाल्या, “पाय नाई उचलून रायला.” एवढंच. आम्ही सगळ्या मागे वळलो. दुपारी वनरक्षक आला, त्यानं सांगितलं की नाल्यात ताजे पंजे आहेत, मादी आणि दोन पिल्लं.

मला तेव्हा तो चमत्कार वाटला. पुढची बारा वर्षं त्यांच्या मागे चालले तेव्हा कळलं. त्या वांदराचा आवाज ऐकत. वांदर खेळताना ओरडतं ते वेगळं आणि झाडावर एका जागी बसून खाली बघत खेकसतं ते वेगळं. चितळ पाय आपटून एकाच दिशेला तोंड करून उभं असलं तर त्याच्या तोंडाच्या दिशेला त्या जात नसत. झाडाखाली एकही मोर-तितर उतरलेलं नसलं तर थांबत. वास घेत. यातलं एकही त्यांनी मला ‘शिकवते’ म्हणून शिकवलं नाही. त्या थांबत आणि मी त्यांच्या पाठीला धडकत असे.

आता सांगायचं कारण. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची माणसं आली, बायांशी बोलली, एक छापील पुस्तिका काढली. त्यात वाक्य होतं की या स्त्रियांना धोक्याची उपजत जाणीव असते. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “उपजत असती तं माह्या जावेले कायले खाल्लं असतं?”

त्यांच्या जाऊबाई लग्न होऊन नव्या आल्या होत्या. दुसऱ्या जिल्ह्यातल्या, कापसाच्या गावच्या. त्यांना जंगल ऐकायची सवय लागायच्या आतच ते घडलं.

म्हणून माझी विनंती आहे की जे शिकून आलंय त्याला उपजत म्हणू नका. चाळीस वर्षं कान लावून कमावलेलं एका शब्दात पुसलं जातं.

वाचनमात्र

मोहफूल, लिहीत राहा.

शब्दवेडा

मोहफूल, तुमच्या सासूबाईंचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. मी जो दावा तपासायचा म्हणत होतो तो त्यांनी एका वाक्यात तपासून दिला.

मग यासाठी शब्द काय? मराठीत ‘अंगवळणी पडणे’ आहे. वळण अंगाला लागलंय, मनाला विचारावं लागत नाही. अक्षराच्या बाबतीत ‘हातवळण’ म्हणतात. पण अंगवळणी हा शब्द आता सोशिकपणाकडे झुकलाय. ‘उन्हातान्हात राबणं अंगवळणी पडलं’ असं म्हणतो, त्यात कौशल्यापेक्षा सोसणं जास्त ऐकू येतं. ‘आडाखा’ आणि ‘ठोकताळा’ हे अनुभवाचे शब्द आहेत, पण त्यात माणूस थांबून हिशेब करतो. ‘पाय उचलेना’मध्ये हिशेब आधीच होऊन गेलेला असतो.

तिफण

अंगवळणी वर माझा एक अनुभव.

आता ट्रॅक्टरनं पेरतो, पण मी तिफणीवर शिकलो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिफणीला तीन दाते असतात, वर लाकडाचं चाडं, वाटीसारखं. त्याला तीन भोकं, त्यातून तीन नळ्या खाली दात्यांपर्यंत. पेरणारा कमरेच्या ओटीतून बियाणं मुठीत घेतो आणि मूठ चाड्यावर धरून बोटांच्या फटीतून दाणे सोडत जातो. मूठ आवळली तर काकरात खांडं पडतात, सैल झाली तर दाट उगवतं आणि मग विरळणीला बाया लावाव्या लागतात. बैल चालीनं चालले तर एक सोड, तासाच्या टोकाला वळताना दुसरी, चढावर तिसरी.

माझ्या बापानं दोन हंगाम माझ्या मनगटावर हात ठेवून चालवलं. काही बोलत नव्हता. दाट सुटायला लागलं की मनगट दाबायचा. तिसऱ्या वर्षी हात काढून घेतला. नंतर नंतर मी शेजारच्या धुऱ्यावरच्या माणसाशी बोलत पेरायचो आणि मूठ आपली आपली चालायची. कोणी विचारलं असतं की किती दाणे सोडतोस, तर मला सांगता आलं नसतं. उगवल्यावर ओळी बघून लोक म्हणत, पोराची मूठ बसली.

आमच्याकडे हाच शब्द आहे, मूठ बसली. हात बसला, जीभ बसली, नजर बसली. मोहफूल यांच्या सासूबाईंचा कान बसला होता असं मी म्हणेन.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘मनानं घेतलं’ हा शब्दप्रयोग कोणी अजून काढला नाही. काही वर्षांमागे मृग लागला, आभाळ भरून आलं, एक चांगला सडाका झाला. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आमच्याकडे त्याच्या निम्माही झाला नव्हता. मी माती उकरून पाहिली, वरची चार बोटं ओल, खाली ढेकूळ कोरडं. मुठीत दाबली तर गोळा होत नव्हता, वाफसा नव्हताच. डोळ्यांनी पाहिलं, हातानं पाहिलं. पण बियाण्याच्या दुकानात एक जण म्हणाला की यंदा पाऊस धरून राहील, शेजाऱ्यानं सुरुवात केली, आणि माझ्या मनानं घेतलं की आजच. पऱ्हाटी (कपाशी) टोबली. अंकुर वर आले आणि पुढे अठरा दिवस थेंब नाही. कोंब करपताना रोज सकाळी वावरात जाऊन बघत होतो. दुबार पेरणीला बायकोची पोत गहाण पडली.

त्या दिवशी मला अगदी आतून वाटलं होतं, शपथ घेऊन सांगेन. हात मात्र नको म्हणत होता, मातीचा गोळा होत नाही म्हणून. मी मनाचं ऐकलं आणि हाताचं ऐकलं नाही. म्हणून ‘मनानं घेतलं’ आणि ‘हात गेला’ यांना एका ओळीत बसवू नका. मनानं घेतलं यात हौस असते, भीती असते, शेजाऱ्याच्या पुढे राहायची घाई असते.

सेवाग्राम रोड

वर्ध्याचा आहे म्हणून ‘आतला आवाज’बद्दल दोन ओळी. हा शब्द आपल्याकडे गांधीजींमुळे रुजला. ८ मे १९३३ ला पुण्यात त्यांनी २१ दिवसांचा उपास सुरू केला तो आतल्या आवाजाच्या सांगण्यावरून, असं त्यांनीच म्हटलं होतं. तीन वर्षांनी ते आमच्याकडे सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. पण तो आवाज काय योग्य आणि काय अयोग्य ते सांगणारा आहे, सदसद्विवेकाचा. कुटाराच्या ढिगापाशी तेवढा वेळ नसतो. अंतःप्रेरणाही मला त्याच बाजूची वाटते, निर्णयाची, कवितेची. हाताची नाही.

ओसरी

गोठा यांनी पहिलारू गायीचं लिहिलं ते वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते.

माझ्या पहिल्या बाळंतपणात बाळ पाजायला घेतलं तर ते रडायचं, तोंड फिरवायचं. दोन दिवस असेच गेले. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. दवाखान्यातल्या एक बाई येता-जाता म्हणायच्या, “अगं, आईला हे उपजतच येतं, तू घाबरतेस म्हणून होत नाही.” दवाखाना मोठा होता, बायका चांगल्याच होत्या, पण ते वाक्य माझ्या छातीवर ठेवल्यासारखं बसलं. उपजत असेल आणि मला येत नसेल तर मी कुठेतरी कमी आहे, हाच त्याचा अर्थ मी लावला. घरातही तेच ऐकलं.

तिसऱ्या दिवशी गावाकडून माझी मोठी काकू आली. पाच मुलं वाढवलेली बाई. तिनं काही म्हटलं नाही. बाळाला माझ्या पोटाशी पोट लावून आडवं धरलं, बाळाच्या गालाला बोट लावलं. बाळानं लगेच तोंड त्या बाजूला वळवलं आणि आ केला. काकू म्हणाली, “पाह्य, याले सारं येते. तुले कोणी दाखोलं नाई, तं तुले कसं येईन?” मग हनुवटी कशी खाली ठेवायची, काळा भाग किती तोंडात जायला हवा, नाक कसं मोकळं ठेवायचं, सगळं दाखवलं. अर्ध्या तासात बाळ लुचायला लागलं.

गालाला बोट लावलं की तोंड वळवणं, तळहातात बोट दिलं की घट्ट धरणं, हे बाळ घेऊनच येतं. आईनं मात्र बघून शिकायचं असतं. पूर्वी घरात चार बाळंतिणी पाहून मुलगी आई व्हायची, म्हणून ते शिकणं दिसायचं नाही.

मला कोणी ‘उपजत’ऐवजी ‘हात बसेल हळूहळू’ एवढंच म्हणालं असतं, तर ते दोन दिवस वेगळे गेले असते. तिफण, तुमच्या शब्दासाठी धन्यवाद.

मोहफूल

ओसरी, तुम्हाला मिठी.

पळसपान

काल संध्याकाळी त्या बाईंकडे गेले होते. त्या अंगणात सुपात तूर घोळत बसल्या होत्या, चेंडूवाला पोरगा बकरीला पाला घालत होता.

आवाज आला होता का विचारलं. “नाई. आवाज तं नंतर आला, लेकरू पडल्यावर.” मग काय झालं होतं? “काई नाई. हातच गेला.” मी म्हटलं, त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा, उगाच. त्या सांगत गेल्या. चूल, पाणी, डबे, नवरा वावरात गेला, कोंबड्या सोडल्या. आणि मग सूप थांबलं.

म्हणाल्या, “कोंबड्या कुटाराकडं गेल्या नाई त्या दिवशी. रोज तिथंच उकरते. अन् सातभाई लय कलकल करून रायले होते कुपाटीवर.” थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “हे मले तवा समजलं नाई बरं, मॅडम. तुम्ही इचारलं म्हून आता ध्यानात येऊन रायलं. माह्या बापानं सांगतलं होतं, सातभाई एका जागी कलकलले का तिथं हात नाई घालाचा. मी असन सात-आठ वर्साची.”

सातभाई पक्षी सापाला बघितलं की घोळका करून ओरडतात, हे मलाही माहीत आहे. पण माझ्या अंगणात ते रोज ओरडतात आणि मी कधी मान वळवून पाहत नाही.

बापानं सांगितलेलं वाक्य तीस वर्षं त्यांच्या हातात राहिलं होतं, असं मला वाटलं.

कॅनॉलकाठ

कोंबड्या! हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, वर्गात सांगणार आहे.

दूर गेलेला

मी मूळचा अकोल्याचा, आता पुण्यात असतो, मुलांना परीक्षेसाठी शिकवतो. सगळं वाचून भारावलो, पण एक व्यवहाराची गोष्ट. त्या मुलाला उद्या अकरावीत मानसशास्त्र घ्यायचं असेल तर ‘सहजप्रवृत्ती’ लागेलच. बहिणीनं दिलेला शब्द पोरानं कौतुकानं वापरला. बोलीचं प्रेम म्हणून आपण त्याच्या हातून तो काढून घेऊ नये. आमच्या पिढीला ‘मले-तुले’वरून इतकं हसलं गेलं की प्रमाण शब्द म्हणजे आम्हाला अंगावरचा धड कपडा वाटायचा.

शब्दवेडा

दूर गेलेला, तुमचं म्हणणं मला पटतं. शब्द काढून घेऊ नये. तो कुठला आहे आणि कुठे शोभतो हे सांगावं.

पण मला आता असं वाटायला लागलंय की आपण चुकीच्या जागी शोधत होतो. आपण नाम शोधत होतो, आणि मराठी ही गोष्ट क्रियापदात सांगते. धाग्यातलीच वाक्यं घ्या: हात गेला, पाय उचलेना, मूठ चालायची. तिन्हीत ‘मी’ कर्ता नाही, हात, पाय आणि मूठ कर्ते आहेत. ‘मी हात घातला’ आणि ‘माझा हात गेला’ यात जो फरक आहे, तो दाखवायला पुस्तकी भाषेला ‘सहजप्रवृत्तीने’ असं क्रियाविशेषण जोडावं लागतं. मराठी फक्त घालणेचं जाणे करते. तसंच सोडणे-सुटणे, काढणे-निघणे, वळवणे-वळणे. ‘तोंडातून निघून गेलं’ म्हणणारा कबूलही करतो आणि मी ठरवून बोललो नाही हेही सांगतो.

दुसरी सोय चतुर्थीची आहे. मला वाटलं, मला सुचलं, मला उमगलं, मला हसू आलं. गोष्ट माणसाकडे येते, माणूस ती करत नाही. तिसरी सोय मला सगळ्यात आवडते: ‘राहवलं नाही’. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या परंपरेत याला शक्य क्रियापद म्हणतात, शाळेतही तसंच शिकवतात. ‘मी थांबलो नाही’ आणि ‘मला राहवलं नाही’ यात किती अंतर आहे पाहा. पळसपान यांनीच पहिल्या पोस्टमध्ये ‘म्हणवत नाही’ लिहिलंय, ठरवून लिहिलं असेल असं वाटत नाही.

आणि ‘हातच गेला’मधला तो ‘च’. त्या एका अक्षरात बाई सांगते की मी नाही, डोळे नाहीत, फक्त हात. सहजप्रवृत्ती म्हणायला सहा अक्षरं लागतात आणि तरी तो ‘च’ त्यात येत नाही.

तिफण

आमच्या गावात शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, एक जुना धुरकरी आहे. जोडी कशी सोडतोस विचारलं तर म्हणतो, “मी नाई सोडत, कासरा सुटते.” आज त्याचा अर्थ लागला.

पळसपान

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात काय केलं ते सांगते.

‘सहजप्रवृत्ती’ फळ्यावर लिहिला, तोडून दाखवला, वासराचं उदाहरण दिलं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी वासरू जन्मताना पाहिलंय, त्यामुळे मला फार बोलावं लागलं नाही. मग तिफणीच्या मुठीचं सांगितलं आणि विचारलं, तुमचं काय काय बसलंय? एक मुलगी म्हणाली, भाकर थापताना हात बसला. एक म्हणाला, गोफण. एकीनं बराच विचार केला आणि म्हणाली, “बाबा दारातून आले का त्यांच्या चपलेच्या आवाजावरून समजते, आज बोलायचं का नाई.” वर्गात दोघी-तिघींनी मान हलवली. मी तो धागा तिथे ओढला नाही. तिच्याशी एकटीशी बोलायला उद्या मधल्या सुट्टीत थांबणार आहे.

पोराला वही परत दिली आणि म्हटलं, तुझं वाक्य बरोबर आहे, पण मायनं काय सांगितलं होतं तेही लिहिशील का? त्यानं विचारलं, तसंच्या तसं? म्हटलं, तसंच्या तसं. त्यानं आधीचं वाक्य खोडलं नाही. त्याच्या खाली लिहिलं:

“आई म्हणाली, मला कुठे दिसली, हातच गेला. सातभाई ओरडत होते. आईच्या बाबांनी आईला सांगितले होते. आता आईने मला सांगितले.”

‘माय’ लिहू की ‘आई’, असं त्यानं दोनदा येऊन विचारलं होतं. मी म्हटलं, तू घरी काय म्हणतोस? मग त्यानं चारही ठिकाणचं ‘आई’ खोडरबरनं पुसलं. कागद जरा फाटलाय तिथे.